कोजागिरी झाली की मुळा पेरा

कुंडीतली भाजी : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत मुळ्याविषयी इतकी पत्रं होती की दुसरी भाजी घेतलीच नाही. त्यात नवल नाही. गणपती गेले, पाऊस ओसरायला लागला की रिकाम्या कुंड्या बघून हात शिवशिवतात, आणि लवकर हाती येणारी भाजी म्हणून मुळाच आठवतो. बाजारात एवढा स्वस्त मिळतो तर घरी कशाला लावायचा, असंही एका पत्रात विचारलंय. मुळा टिकेल बाजारातला, पण पाला टिकत नाही. सकाळी वाशीच्या घाऊक बाजारातून निघालेली जुडी संध्याकाळी ऑफिसातून परतताना आपण घेतो तोवर निम्मा पाला पिवळा पडलेला असतो. उपटल्यावर तासाभरात चिरलेल्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी ज्याने खाल्ली, तो हा प्रश्न पुन्हा विचारत नाही.

ताई, नमस्कार. मुलुंडला सहाव्या मजल्यावर आमचं घर आहे, गॅलरी दक्षिणेला. जूनमध्ये पहिला पाऊस पडला तसा लांब कुंडीत मुळा पेरला. चार दिवसांत उगवला, पाला हिरवागार, हातभर वाढला. दीड महिन्याने उपटला तर खाली पेन्सिलीएवढं मूळ. काही रोपं बुडाशी कुजली. शेणखत भरपूर घातलं होतं. मुळा नक्की कधी आणि कसा लावायचा?
*एक वाचक, मुलुंड*

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. जून, दक्षिणेची गॅलरी आणि भरपूर शेणखत, हे तीन एकत्र आले की पालाच येणार.

आधी गॅलरीचं बघू, कारण याकडे फार कुणी लक्ष देत नाही. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो, त्यामुळे या काळात तुमच्या कुंडीवर दुपारचं ऊन पडतच नाही. त्यात जूनचे ढग. मुळ्याचा पाला उन्हात अन्न तयार करतो, आधी स्वतः वाढतो आणि उरलेलं खाली मुळात साठवतो. ऊन कमी पडलं की उरतच काही नाही, मग मूळ पोसणार कशावर? झाड प्रकाश शोधत पाला लांबवत राहतं आणि आपल्याला वाटतं, काय जोमदार आलंय!

आता हीच गॅलरी डिसेंबरात बघा. सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, दुपारी बारालाही पुरता वर चढत नाही, आणि ऊन कठड्यावरून थेट आत, दिवाणखान्याच्या दारापर्यंत येतं. समोर टॉवर उभा राहिला नसेल तर पाच-सहा तास ऊन सहज मिळेल. मुळ्याला तेवढंच लागतं. म्हणजे तुमची गॅलरी मुळ्यासाठी उत्तम आहे, फक्त हंगाम उलटा धरला गेला. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांना मात्र हिवाळ्यात ऊन मिळत नाही. त्यांनी सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर जागा मिळवावी.

पेरायचं कधी? मुंबईतून पाऊस परततो तो साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास, पण त्यानंतरही एखादी संध्याकाळ गडगडाटी सर येऊन नुकतं उगवलेलं सगळं झोपवून जाते. मग ऑक्टोबरचा उकाडा. म्हणून माझा शिरस्ता असा : कोजागिरी होऊ द्यायची, कुंड्या भरून ठेवायच्या, आणि पहिला पेरा दिवाळीच्या आगेमागे करायचा. तिथून संक्रांतीपर्यंत पेरत राहायचं. जानेवारी संपल्यावर पेरलेला मुळा फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो, तिखट होतो आणि आत भेंड धरतो, म्हणजे स्पंजसारखा होतो. सगळं बी एकाच दिवशी पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी कुंडीचा थोडा थोडा भाग पेरलात तर घरात मुळ्याचा ढीग न पडता संक्रांतीच्या पुढेही दर आठवड्याला कोवळा मुळा मिळत राहील.

जात निवडताना मुंबईची हवा ध्यानात घ्या. मुळ्याला 15 ते 20 अंशांची हवा मानवते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तशा असतात, पण दिवसा पारा तिशीच्या घरात जातोच. म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा चेतकी' ही जात मी पहिली सुचवते. ती उष्णता सोसते, पांढरी, गुळगुळीत, कमी तिखट असते आणि 40 ते 45 दिवसांत तयार होते. हीच जात पावसाळ्यातही येते, पण उघड्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी. स्लॅबखालच्या कुंडीत नाही. 'जपानी व्हाईट' लांब आणि देखणा होतो, पण त्याला 50 ते 60 दिवस आणि जास्त गारवा लागतो. हौस असेल तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पेरा. 'पुसा हिमानी' थंड प्रदेशासाठी आहे, तिच्या नादी लागू नका. सॅलडचा लाल गोल मुळा 25 ते 30 दिवसांत होतो. तो फक्त नोव्हेंबर-डिसेंबरात. बियाणं दादर किंवा क्रॉफर्ड मार्केट भागातल्या बियाण्यांच्या दुकानांत मिळतं. पाकिटावरची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कुंडी रुंद असण्यापेक्षा खोल असणं महत्त्वाचं. चेतकीला फूटभर माती हवी, लाल गोल मुळ्याला आठ इंच पुरे. रंगाची 20 लिटरची बादली चालते. मला सगळ्यांत आवडतात ते मासळीचे थर्माकोलचे खोके. आमच्या गोरेगावच्या बाजारातली मावशी ते आनंदाने देते. साबणाने धुवायचे, दोन दिवस कडक उन्हात ठेवायचे, बुडाला बोट जाईल एवढी भोकं पाडायची. वजनाला हलके, आणि दुपारी माती तापू देत नाहीत. खोका उथळ असेल तर त्यात गोल मुळा लावा.

मातीत मात्र चालढकल नको. नर्सरीतली गोणीतली लाल माती नुसती वापरलीत तर दोन पाण्यांत ती घट्ट बसते, आणि मुळ्याला खाली सरकायला वाट मिळत नाही. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पूर्ण कुजलेलं खत समान घ्या. कोकोपीट एकदा भिजवून, पिळून, ते पाणी टाकून द्या, त्यात क्षार असतात. माती चाळून घ्या. मुळ्याच्या टोकाला खडा लागला की तो दोन पायांचा होतो. मुंबईत गच्चीवरच्या शेतीचा पाया घालणाऱ्या डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडं वापरून हलके वाफे करायची रीत रुजवली. ती गच्चीवर वजन वाचवण्यासाठी फार उपयोगी आहे, आणि रसवंतीवाले चिपाडं फुकट देतात. पण मुळ्यासाठी चिपाडं अगदी तळाशीच घाला, वर फूटभर बारीक, भुसभुशीत माती हवीच.

शेणखताचं सांगायचं तर ते ताजं होतं की जुनं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ताजं असेल तर मुळं फाटतात आणि बुडाशी कुजतात. जुनं असलं तरी 'भरपूर' नको. नत्र जास्त झालं की सगळा जोर पाल्यात जातो. पेरताना मिसळलं तेवढंच खत, नंतर दर आठवड्याला पातळ शेणपाणी वगैरे काही नको. दीड महिन्याच्या पिकाला मधे खुराक लागत नाही.

पेरायची पद्धत सोपी आहे. मुळ्याचं रोप उचलून दुसरीकडे लावत नाहीत, सोटमूळ दुखावलं की संपलं. बी जिथे पेराल तिथेच वाढवायचं. पेन्सिलीच्या टोकाने एक-दीड सेंटिमीटर खोल खळगे करा, दहा-दहा सेंटिमीटरवर, प्रत्येकात दोन बिया. दोन फूट बाय एक फुटाच्या कुंडीत असे अठरा खळगे बसतात. अठराच! बी मूठभर असतं आणि मोह होतो, पण मोह आवरा. तीन ते पाच दिवसांत जोडपानं वर येतात, मधे खाच असलेली, गुळगुळीत. त्यानंतरचं पान वेगळंच असतं : कडा कातरलेल्या आणि अंगावर बारीक खरखरीत लव. हे पान दिसलं की दोनांतलं कमजोर रोप कात्रीने मातीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. ही विरळणी करायला पुष्कळांचा जीव होत नाही, पण मुळा न पोसण्यामागे उन्हाच्या खालोखाल हेच कारण असतं. कापलेली रोपं वाया जात नाहीत, आमटीत टाका.

पाणी रोज सकाळी, नळाला पाणी येतं त्या वेळी थोडं. बोट दुसऱ्या सांध्यापर्यंत मातीत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. चौथ्या आठवड्यात मुळ्याचा खांदा मातीबाहेर डोकावू लागतो. त्यावर वरून भुरभुर माती ओढा, नाहीतर तो भाग हिरवट होतो. पस्तिसाव्या दिवसापासून बोटाने माती बाजूला सारून खांद्याची जाडी बघत जा. दीड इंच भरली की उपटा. अजून थोडा मोठा होऊ दे म्हणून ठेवलेला मुळा मोठा होतो खरा, पण जरड होतो.

गिरगावात चाळीत राहतो. सज्जात सकाळी जेमतेम दोन तास ऊन येतं. मुळा होईल का?
*एक वाचक, गिरगाव*

मुळा होणार नाही, पाला होईल, आणि तो आवर्जून करा. चार-पाच इंच खोल ट्रे घ्या, बी दाट फेका, वर मातीचा पातळ थर. तीन आठवड्यांत वीतभर पाला कापून घ्या. बुडखे ठेवलेत तर पुन्हा थोडा फुटतो, पण दुसरा पेरा करणं जास्त परवडतं. हे तुम्हाला पावसाळ्यातही करता येईल, ट्रे झडीत येऊ देऊ नका म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. काही पाकिटांतलं बी गुलाबी किंवा निळं दिसतं. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते पेरायला ठीक आहे, पण त्याचे मोड किंवा आठवड्याभराचे कोंब काढून कच्चे खाऊ नका. त्यासाठी न रंगवलेलं बी मागून घ्या.

मावशी, मी कॉलेजात आहे आणि माझी ही पहिलीच बाग आहे. माझे मुळे छान मोठे झाले, पण दोन तडकले, बाकीचे आतून स्पंजसारखे निघाले आणि तिखट तर इतके की बाबांनी एकच फोड खाल्ली. परीक्षेमुळे मधे काही दिवस पाणी घालायचं राहिलं होतं.
*एक वाचक, भांडुप*

मोठे झाले हेच पहिल्या खेपेला खूप आहे, त्याचं आधी कौतुक. आता तिन्ही गोष्टी समजून घे.

तडकले ते पाण्यामुळे. माती कोरडी पडली की मुळ्याची साल आवळते. मग एकदम बादलीभर पाणी मिळालं की आतला गर भराभर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. परीक्षा पुन्हा येतील, तेव्हा आईबाबांना सांगून ठेव, आणि मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं जाड थर दे. ओल दोन दिवस जास्त टिकते.

आतून पोकळ झाले कारण ते जास्त दिवस राहिले. तू पेरल्याची तारीख लिहिली नाहीस. यापुढे आइस्क्रीमच्या काडीवर तारीख लिहून कुंडीत खोवून ठेव.

तिखटपणाचं गणित गमतीचं आहे. अख्ख्या मुळ्यात तिखट काही नसतं. त्यात गंधकयुक्त द्रव्यं एकीकडे असतात आणि त्यांना फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसरीकडे. आपण चावलं, चिरलं, किसलं की दोन्ही एकत्र येतात आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. मोहरीचा झणकाही याच जातीचा, मोहरी आणि मुळा एकाच कुळातले. उष्ण हवा आणि पाण्याचा ताण पडला की मुळ्यात ही द्रव्यं वाढतात. झणका सालीकडे जास्त असतो, म्हणून तिखट मुळा जरा जाड सोलायचा. किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेव, हलक्या हाताने पिळ, वर दही, कोथिंबीर, हिंग-मोहरीची फोडणी. बाबा वाटी संपवतील. पिळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात घाल. आणि शिजवलं की झणका उरत नाही, तेव्हा बाकीचे मुळे भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर भाजीला जाऊ देत.

पानांना भोकं पडलीत. काही अगदी टाचणीएवढी, काही मोठी. शिवाय कबुतरं उगवलेलं सगळं टोचून खातात. रासायनिक औषध मारायचं नाही.
*एक वाचक, कांदिवली*

टाचणीएवढी भोकं चकचकीत काळ्या, उड्या मारणाऱ्या भुंग्यांची. मोठी भोकं बहुधा काळसर अळीची, जी मोहरीवरही येते. ओळख सांगते : बोट लावलं की अंग आखडून ती खाली पडते. भल्या सकाळी पानांखाली एक पसरट ताटली धरून झाड हलवा, अळ्या ताटलीत येतील. त्या साबणाच्या पाण्यात टाका. आठवडाभर हे केलं तर कुंडीपुरता प्रश्न मिटतो. मावा दिसला, म्हणजे पानांच्या मागे आणि कोवळ्या शेंड्यात हिरवट-राखाडी बारीक किडे दाटलेले दिसले, तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांडी धुण्याच्या साबणाचे चार-पाच थेंब नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. पाला खायचा आहे, तेव्हा काढणीच्या आधीचे चार-पाच दिवस फवारणी बंद ठेवा.

कबुतरांवर आणि भुंग्यांवर एकच उपाय : जुनी मच्छरदाणी. कुंडीत चार काड्या रोवून पेरणीच्या दिवशीच ती घाला, खालच्या कडा मातीत दाबा. प्रकाश आत जातो, कबुतराची चोच जात नाही. उगवल्यावर घालू म्हणून थांबलात तर कबुतरं तुमच्या आधी उठलेली असतात.

वय झालं, वाकवत नाही, म्हणून तीन-चार मुळे कुंडीत तसेच राहिले. आता त्यांना मधोमध दांडा येऊन पांढरी-जांभळट फुलं आलीत. सून म्हणते फेकून द्या. फेकू का?
*एक आजोबा, चेंबूर*

आजोबा, अजिबात फेकू नका! तुमच्या कुंडीत आता डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागणार आहेत. मुंबईच्या बाजारात डिंगऱ्या नेहमी मिळतीलच असं नाही. गुजराती वस्तीत थंडीत जांभळी मोगरी मिळते, ती शेंगांसाठीच वाढवलेल्या मुळ्याची. आपल्या पांढऱ्या मुळ्याच्या शेंगा वेगळ्या, आखूड, टोकदार आणि फुगीर. त्या घरीच करायच्या.

मुळ्याच्या झाडाला बहुतेक वेळा स्वतःचे पराग चालत नाहीत. शेजारच्या झाडाचे लागतात, आणि ते आणायला मधमाशी लागते. तुमच्याकडे तीन-चार झाडं एकदम फुलली आहेत, हे फार चांगलं झालं. फुलं असेपर्यंत कसलीही फवारणी करू देऊ नका. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला बसून बघा, छोट्या फुलोरी माश्या येतील. दांडा उंच होऊन कलतो, त्याला काठी देऊन सुतळीने सैल बांधा. आता मुळा खाण्याजोगा राहिलेला नाही, तेव्हा खालचं काही उपटायला वाकायची गरजही नाही. शेंगा उभ्या उभ्या हाताशी येतात.

डिंगरी नखाने दाबली की कट्कन मोडली पाहिजे. दोरा निघायला लागला म्हणजे जून झाली. एक दिवसाआड तोडत राहा, जितकी तोडाल तितकी लागत राहते. सूनबाईंना सांगा : देठ काढून डिंगऱ्या मोडून घ्यायच्या, तेलात मोहरी, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या, त्यावर डिंगऱ्या परतायच्या, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. पाच-सात मिनिटांत शिजतात. मीठ, चिमूटभर गूळ, ओलं खोबरं. कच्च्याही चांगल्या लागतात, मीठ लावून जेवताना.

बी धरायचं असेल तर सगळ्यांत निरोगी झाडावरच्या दहा-बारा शेंगा तोडूच नका. त्या झाडावरच पिवळ्या पडून खडखडीत वाळू द्या. मुळ्याची शेंग मोहरीसारखी आपसूक फुटत नाही, त्यामुळे बी सांडायची धास्ती नाही, पण लाटण्याने दाबूनच बी काढावं लागतं. चेतकीसारख्या देशी हवेच्या जातीचं बी असं मुंबईत धरता येतं. लाल गोल विलायती मुळ्याला फुलायला खरी थंडी लागते, त्याचं बी इथे मिळत नाही, ते दर वर्षी विकतच घ्यावं लागेल. शेजारी कुणी दुसऱ्या जातीचा मुळा फुलवला असेल तर माश्या पराग मिसळतात आणि पुढचं पीक सरमिसळ येतं. घरच्या भाजीला त्याने काही बिघडत नाही.

काढलेलं बी दोन दिवस सावलीत पसरा, कागदी पुडीत घाला, पुडी काचेच्या बरणीत आणि बरणी फ्रिजच्या दारात. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेर ठेवलेलं बी दमट होऊन उगवायचं नाही. पुडीवर जात आणि महिना लिहा, आणि पुढच्या खेपेला कुंड्या स्टुलावर ठेवायला सांगा.